वस्तीतल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांत काम कसे चालत असे?

नागपुरातल्या एका तरुण वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. महाल, इतवारी, धरमपेठ, सक्करदरा अशा वस्त्यावस्त्यांमधून एकेकाळी दिसणाऱ्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांत नेमके कोणते काम होत असे आणि ती दुकाने का संपली, हा पहिला प्रश्न. घरी आजोबांचा लाकडी पेटीचा, वॉल्व्हचा (ट्रान्झिस्टर येण्याआधीच्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ पडून आहे, तो आज चालू होईल का, हा दुसरा. वॉल्व्हच्या रेडिओपासून रंगीत टीव्हीपर्यंतचे सेट दुरुस्त करण्यात माझे आयुष्य गेले असल्यामुळे दोन्ही प्रश्नांची उत्तरे जरा विस्ताराने देतो.

मेकॅनिक म्हणजे बिघडलेला पार्ट काढून नवा बसवणारा माणूस, अशी बहुतेकांची समजूत असते. पार्ट बसवायला पाच मिनिटे पुरत. तो पार्ट कोणता, हे ठरवण्यात अर्धा दिवस जाई. एका सेटमध्ये शेकडो पार्ट असत आणि त्यांतला एखादा काही पैशांचा रेझिस्टर आतून तुटला की सगळा सेट मुका होई. दुकानदाराची मजुरी त्या रेझिस्टरची नव्हती, तो शोधून काढल्याची होती. म्हणूनच जेमतेम आठ-दहा फुटांची जागा, एक बाक, वीज मोजायचा एक मीटर, सोल्डरिंग आयर्न, राळ, सोल्डरची तार आणि मोडीत निघालेल्या सेटमधून जपून ठेवलेल्या पार्टांचे डबे एवढ्या सामानावर एखादे दुकान वीस-तीस वर्षे चालू शकत असे.

शोधण्याचा क्रम ठरलेला असे, आणि चांगला मेकॅनिक तो क्रम घाई असतानाही मोडत नसे. बाकावर सेट आला की आधी तो सिरीज बल्बवर लावायचा. विजेच्या एका तारेत साठ किंवा शंभर वॉटचा साधा पिवळा बल्ब घालून मग सेटला पुरवठा दिला, की बल्बच पहिले निदान सांगतो. तो क्षणभर उजळून मंद झाला तर आत शॉर्ट नाही असे समजावे; पूर्ण तेजाने पेटून राहिला तर रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा), फिल्टर कंडेन्सर (तो डीसी सपाट करणारा) किंवा ट्रान्स्फॉर्मर यांपैकी काहीतरी गेलेले असते, आणि बल्ब मध्ये असल्यामुळे उरलेला सेट मात्र जळत नाही. इतके स्वस्त आणि इतके भरवशाचे उपकरण मी दुसरे पाहिलेले नाही.

पुरवठा ठीक निघाला की मागून, म्हणजे स्पीकरच्या टोकाकडून, पुढे यायचे. व्हॉल्युम कंट्रोलच्या मधल्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हरचे पाते लावले आणि स्पीकरमधून घुर्रऽ असा आवाज आला, म्हणजे तिथून स्पीकरपर्यंतचा भाग जिवंत आहे आणि दोष त्याच्या आधी, अँटेनाच्या बाजूला, आयएफच्या (केंद्राचा सिग्नल एका ठरावीक मधल्या कंपनसंख्येवर वाढवणाऱ्या) किंवा ऑसिलेटरच्या (त्यासाठी सेटमध्येच कंपने निर्माण करणाऱ्या) भागात आहे. एवढ्या एका स्पर्शाने सेटचे दोन तुकडे पडत आणि शोध निम्म्यावर येई. मग उरलेल्या भागाचे पुन्हा दोन तुकडे करायचे. सिग्नल जनरेटर मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये असे. वस्तीतल्या दुकानात बोट, पाते आणि कान यांवरच काम भागत असे.

इथे नागपूरच्या मेकॅनिकला एक सोय होती, ती मला आवर्जून सांगाविशी वाटते. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले आणि मध्यम लहरींवर ते ५८५ किलोहर्ट्झला लागत असे, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या जुन्या डायलवर ५१३ च्या जवळ. गँग कंडेन्सर (केंद्र बदलताना नॉबबरोबर फिरणारा पात्यांचा कंडेन्सर) जवळजवळ पूर्ण मिटलेला असताना हे केंद्र येई. पुढे १९८८ मध्ये आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीचे १००० किलोवॅटचे प्रक्षेपण नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर सुरू झाले. देशाच्या मध्यावरून रात्री ते सर्वदूर पोहोचावे, हा त्यामागचा विचार होता. त्यामुळे आमच्या शहरात डायलच्या दोन्ही टोकांना एकेक खणखणीत खूण मिळाली. आयएफचा टप्पा ४५५ किलोहर्ट्झला बसवला, गँग मिटवत आणून ऑसिलेटर कॉइलची गाभ्याची स्क्रू फिरवून नागपूर केंद्र आपल्या जागी आणले, गँग उघडून ट्रिमरने (जुळवणीच्या छोट्या कंडेन्सरने) १५६६ आपल्या जागी आणले आणि हा क्रम दोन-तीन वेळा उलटसुलट केला, की डायल बऱ्यापैकी जुळून येई. एकीकडचे केंद्र जागेवर आणताना दुसरे थोडे हलते, म्हणून दोन्ही टोके पुन्हा पुन्हा पाहावी लागतात. हे ज्याला ठाऊक नसे, तो फक्त नागपूर केंद्र मोठ्याने लागले की सेट देऊन टाकी, आणि मग गिऱ्हाईक आठ दिवसांनी दुसरे केंद्र डायलवर भलत्याच आकड्यावर लागते अशी तक्रार घेऊन परत येई.

शॉर्ट वेव्हची कामे वेगळ्या स्वभावाची होती. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तरी रेडिओ सिलोनची गाणी ऐकणारा वर्ग पुढेही कितीतरी वर्षे टिकून होता आणि त्याचा कान फार तयार असे. आवाज वरखाली होतो म्हणून सेट घेऊन येणाऱ्याला, हा दोष सेटचा नसून वातावरणातून परतणाऱ्या लहरींचा आहे, हे समजावून सांगावे लागे. प्रत्यक्षात बिघडत असे तो बहुधा बँड स्विच. त्याच्या पितळी पात्यांवर काळा थर चढला की बँड बदलताना खरखर होई आणि एखादा बँड पूर्ण गायब होई; सीटीसीचे (कार्बन टेट्राक्लोराइडचे) दोन थेंब टाकून स्विच दहा-वीस वेळा फिरवला की काम होत असे. ते रसायन अंगाला अपायकारक आहे हे तेव्हा कोणी सांगितले नाही. आज कोणी ते वापरू नये.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नागपुरात दूरदर्शन दिसू लागले आणि दुकानांचे रूप पालटले. सेमिनरी हिल्सवरच्या मनोऱ्याकडे तोंड करून छपराछपरांवर अँटेना उभ्या राहिल्या. महालातल्या घरांची अँटेना वायव्येकडे वळलेली, मानेवाड्याची उत्तरेकडे. वादळाने किंवा माकडांनी ती फिरवली की चित्रात मुंग्या येत, आणि उंच इमारतीवरून परतलेला सिग्नल मिळाला की प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याची फिकट सावली उभी राही. त्यामुळे टीव्हीचा मेकॅनिक अर्धा वेळ बाकावर आणि अर्धा वेळ शिडीवर असे. खाली खोलीत एक जण, जिन्यात एक जण आणि गच्चीवर मेकॅनिक, अशी ‘आलं का?’, ‘थोडं डावीकडं घ्या भाऊ’ ही हाकाटी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ती वेगळी सांगायला नको.

टीव्हीचा फायदा असा होता की पडदा स्वतःच दोष दाखवीत असे. गिऱ्हाईक दारातूनच सांगे, ‘भाऊ, टीव्हीत तं नुसती एक आडवी रेघ दिसून राहिली’, आणि निम्मे निदान तिथेच होई: उभा विस्तार करणारा भाग, म्हणजे व्हर्टिकल सेक्शन बंद पडला आहे. अशा वेळी पहिला सल्ला ब्राइटनेस कमी करण्याचा किंवा सेट बंद ठेवण्याचा असे, कारण सगळा इलेक्ट्रॉनचा मारा एकाच रेघेवर पडून ट्यूबवर कायमचा डाग पडू शकतो. आवाज आहे पण पडदा काळा, तर हॉरिझॉन्टल सेक्शन (आडवा विस्तार करणारा भाग) किंवा ईएचटीकडे (पिक्चर ट्यूबला लागणाऱ्या हजारो व्होल्टच्या दाबाकडे) पाहायचे. चित्र वरखाली धावते, तर व्हर्टिकल होल्ड, म्हणजे चित्र जागेवर धरून ठेवणारी जुळणी. चित्राच्या तिरक्या पट्ट्या झाल्या, तर हॉरिझॉन्टल होल्ड. आपल्याकडच्या त्या वेळच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे आणि प्रत्येकात ६२५ रेघा, म्हणजे हॉरिझॉन्टल ऑसिलेटर १५,६२५ हर्ट्झवर चालत असे; तरुण कानाला ही बारीक शिट्टी ऐकू येई. सेट लावल्यावर ती शिट्टी आली की नाही, एवढ्यावरून पाठचे झाकण न उघडता बरेच काही कळत असे. वय झालेल्या मेकॅनिकला ती ऐकू येईनाशी होई, आणि मग तो दुकानातल्या पोराला विचारी.

नागपूरच्या हवेने या धंद्याला स्वतःचे वेळापत्रक दिले होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत ‘अर्धा तास चालतो आणि मग बंद पडतो’ अशा तक्रारींचे सेट रांगेने येत. हे तापल्यावर दिसणारे दोष सर्वांत चिवट, कारण सेट बाकावर आला की शहाण्यासारखा वागे. त्यावर उपाय असा की संशयित ट्रान्झिस्टरजवळ गरम सोल्डरिंग आयर्न न टेकवता धरायचे, दोष उमटू द्यायचा, आणि मग स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा एकेका पार्टला लावत जायचे. ज्याला गारवा लागताच चित्र परत येई, तो गुन्हेगार. फिल्टर कंडेन्सर उन्हाळ्यात वाळत आणि रेडिओ घुमू लागत. त्यातच घरोघरी कूलर सुरू होत. खिडकीतल्या कूलरच्या मोटरने मध्यम लहरींवर खरखर येई, संध्याकाळी सगळ्या वस्तीचे कूलर एकदम लागले की व्होल्टेज खाली बसे आणि टीव्हीचे चित्र चारी बाजूंनी आक्रसे. स्टॅबिलायझरची विक्री आणि दुरुस्ती हा म्हणूनच आमच्या दुकानांचा मोठा आधार होता. कूलरच्या मोटरी आणि पंप यांचे कामही अनेकांनी उन्हाळ्यापुरते धरले होते, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नव्हते.

पाऊस सुरू झाला की तक्रार बदले. सहा महिन्यांची धूळ ईएचटीच्या भागावर बसलेली असते. ती जुलैच्या दमट हवेत ओलावा धरते आणि पंधरा-अठरा हजार व्होल्टचा दाब त्या वाटेने निसटू लागतो. सेटमधून चर्र आवाज येतो, अंधारात निळसर ठिणगी दिसते, विशिष्ट वास सुटतो. कूलरच्या वाऱ्यात ठेवलेल्या टीव्हीत हेच उन्हाळ्यातही होई. उपाय म्हणजे ट्यूबची टोपी (हा दाब आणणाऱ्या तारेच्या टोकाचे रबरी झाकण) काढून, भोवतालची काच आणि रबर स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळू देणे. काम साधे, पण जिवावरचे. कारण बंद केलेल्या सेटमध्येही पिक्चर ट्यूब स्वतः कंडेन्सरप्रमाणे भार धरून ठेवते. रंगीत ट्यूबमध्ये हा दाब पंचवीस हजारांच्या आसपास जातो. एक तार ट्यूबच्या बाहेरील काळ्या लेपाच्या अर्थिंगला बांधून, दुसरे टोक मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरला जोडून, टोपीखाली पाते सरकवून तो भार उतरवल्याशिवाय हात आत घालायचा नाही आणि चालू सेटमध्ये मोजमाप घेताना दुसरा हात खिशात किंवा पाठीमागे ठेवायचा, हे दोन नियम उस्तादाकडून पहिल्याच आठवड्यात शिकायला मिळत. ज्यांनी शिकवले त्यांचे आम्ही ऋणी आहोत, कारण या नियमांची परीक्षा एकदाच होते.

गिऱ्हाइकाशी असलेले नाते हा तितकाच महत्त्वाचा भाग. टीव्ही ही घरातली सर्वांत महाग वस्तू असे आणि ती उघडून परक्याच्या ताब्यात द्यायची, ही गोष्ट सोपी नव्हती. ‘चांगले पार्ट काढून घेतात’ हा संशय सर्वत्र होता आणि काही ठिकाणी तो खराही होता. त्यामुळे काही जण वॉल्व्हवर आपली खूण करून सेट आणत, काही दुकानात बसून राहत. चांगल्या दुकानांनी यावर साधी रीत पाडली होती: गिऱ्हाइकासमोर झाकण उघडायचे, काढलेला जुना पार्ट कागदात गुंडाळून बिलाबरोबर परत द्यायचा आणि खर्च जास्त होणार असेल तर आधी विचारायचे. सामन्यांच्या दिवसांत हे नाते कसाला लागे. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड सामना आमच्याच व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) मैदानावर झाला, ज्यात चेतन शर्माने हॅटट्रिक घेतली आणि गावसकरांनी एकदिवसीय क्रिकेटमधले आपले एकमेव शतक केले. अशा सामन्याच्या आधीचे दिवस म्हणजे रात्री उशिरापर्यंत दिवा. वेळेत होणार नाही अशा सेटच्या मालकाला दुकानातला स्वतःचा जुना कृष्णधवल सेट दोन दिवसांसाठी उसना देणारे दुकानदार मी पाहिले आहेत, आणि वस्ती हे विसरत नसे.

शिकण्याची वाट दुहेरी होती. काही जण आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा अभ्यासक्रम करून येत. त्यांना सर्किट वाचता येई. बाकीचे दहावीच्या आतबाहेर शाळा सोडून उस्तादाच्या हाताखाली बसत. ते आधी धूळ झटकणे, डायलची दोरी बसवणे, बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन पार्ट आणणे इथून सुरुवात करीत आणि वर्षभराने त्यांच्या हाती सोल्डरिंग आयर्न येई. माझ्या मते दोन्ही मिळून माणूस तयार होई. सर्किट न कळणारा मेकॅनिक पार्ट बदलत सुटे, आणि निव्वळ पुस्तकी मेकॅनिक ड्राय सोल्डरपुढे (वरून ठीक दिसणाऱ्या पण आतून न धरलेल्या सांध्यापुढे) हरे, कारण ड्राय सोल्डर कोणत्याही आकृतीत नसतो. तो प्रिंटवर (पार्ट बसवलेल्या छापील सर्किटच्या पाटीवर) लाकडी काडीने हळूच ठोकत गेल्यावरच सापडतो. अनेक कंपन्या सेटच्या पाठच्या झाकणाच्या आत सर्किटचा कागद चिकटवून देत असत. आज ही गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही, पण उत्पादकाने ‘हे बिघडेल, आणि तुमच्या वस्तीतला माणूस दुरुस्त करील’ हे गृहीत धरले होते.

आता ही दुकाने का संपली? फ्लॅट टीव्ही आला म्हणून, असे सगळे म्हणतात. माझ्या मते सुरुवात त्याच्या आधीच झाली. रंगीत सेटमध्ये एकेक करीत सगळे टप्पे एका आयसीत (अनेक पार्ट एकत्र असलेल्या चिपमध्ये) गेले आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी जवळजवळ अख्खा टीव्ही एका चिपवर आला. तेव्हाच बोटाने दोन तुकडे करीत जाण्याची वाट अरुंद झाली. त्यानंतर पार्ट इतके बारीक झाले की डोळ्याला आणि साध्या आयर्नला दाद देईनात, आणि सर्किटचे कागद मिळेनासे झाले. केबल डिजिटल झाली. नागपूर त्या बदलाच्या २०१३ मधल्या दुसऱ्या टप्प्यात आले आणि सेट-टॉप बॉक्स बिघडला की तो बदलून मिळू लागला. एलईडी टीव्हीत पॅनेल फुटले तर त्याची किंमत नव्या सेटच्या जवळ जाते, आणि बोर्ड गेला तर अख्खा बोर्ड बदला असे सांगितले जाते. पुष्कळदा त्या बोर्डावर एखादा फुगलेला कंडेन्सरच असतो किंवा पॅनेलमागच्या एलईडीच्या पट्टीतला एक दाणा गेलेला असतो, हे ओळखणारे मेकॅनिक आजही शहरात आहेत. पण शोधायला लागणाऱ्या वेळाची मजुरी द्यायला गिऱ्हाईक तयार नसते. दोष शोधण्याला किंमत उरली नाही, त्या दिवशी आमचा धंदा संपला. दुकानातली पुढची पिढी मोबाइल दुरुस्ती, सीसीटीव्ही आणि इन्व्हर्टरकडे वळली, आणि ते योग्यच झाले.

आजोबांच्या रेडिओविषयी. तो दुरुस्त होण्याची शक्यता चांगली आहे, कारण वॉल्व्ह सहसा टिकतात. मरतात ते कंडेन्सर. मात्र उत्सुकतेने सरळ प्लग लावू नका. आधी पाठचे झाकण काढून वॉल्व्हवरची अक्षरे वाचा. ती ‘ई’ने सुरू होत असतील, जसे ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएल८४, तर सेटमध्ये बहुधा मेन्स ट्रान्स्फॉर्मर आहे. ती ‘यू’ने सुरू होत असतील, जसे यूसीएच८१, यूवाय८५, तर तो एसी-डीसी सेट, म्हणजे मेन्स ट्रान्स्फॉर्मर नसलेला सेट आहे, त्याची लोखंडी चासी (पार्ट बसवलेला सांगाडा) थेट विजेच्या तारेला जोडलेली असू शकते, म्हणून चालू असताना तिला, उघड्या स्क्रूला किंवा नॉब निघालेल्या दांड्याला हात लावणे प्राणघातक ठरू शकते. असा सेट जाणकाराकडेच द्या.

जाणकाराला तीन गोष्टी करायला सांगा. मोठे फिल्टर कंडेन्सर बदलणे. मेणाच्या किंवा डांबरी वेष्टनाचे जुने कागदी कंडेन्सर बदलणे, विशेषतः आउटपुट वॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या वॉल्व्हच्या) ग्रिडकडे, म्हणजे आतल्या नियंत्रक जाळीकडे जाणारा, कारण तो गळू लागला की ग्रिडवर धन दाब येऊन वॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्स्फॉर्मर दोन्ही जळतात. आणि कापडी वेष्टनाची तुटकी वायर बदलणे. एवढे झाल्यावर सिरीज बल्बवर पहिला पुरवठा द्यावा. रेडिओ लागल्यावर खरखर फार आली तर लगेच सेटला दोष देऊ नका. आजच्या घरातले एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर आणि सेट-टॉप बॉक्स मध्यम लहरींवर पुष्कळ गोंगाट करतात, ते बंद करून पाहा आणि अँटेनाची तार खिडकीबाहेर काढा. पेटी कोरड्या मऊ फडक्याने पुसा, पॉलिश खरवडू नका. डायलच्या काचेवर मागच्या बाजूने छापलेल्या केंद्रांच्या नावांना तर ओले फडके अजिबात लावू नका. ती रंगाची छपाई पाण्याने सुटते आणि तशी काच आता मिळत नाही.